अश्वमुखी यक्षिणी आणि माणूसपणाची किंमत

इ. स. १८९७ या एकाच वर्षी इंग्लंडात दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. एक ब्रॅम स्टोकर या लेखकाची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी, आणि दुसरे म्हणजे प्रा. कॉवेल यांच्या संपादकत्वाखाली केंब्रिजहून निघत असलेल्या जातक-भाषांतरमालेचा फ्रान्सिस व नील यांनी सिद्ध केलेला तिसरा खंड. पहिले पुस्तक जगभर गेले. रात्री थडग्यातून उठून जिवंत माणसाचे रक्त पिणारा सरदार ही पुढील काळातील नाटक-चित्रपटांची कायमची मिरास झाली. दुसरे पुस्तक ग्रंथालयांच्या कपाटांतच राहिले. त्या दुसऱ्या पुस्तकात ४३२ व्या क्रमांकाचे ‘पदकुसलमाणव जातक’ आहे. माणसे खाऊन जगणाऱ्या अमानुष स्त्रीने एका माणसावर जीव लावला, त्याच्याशी संसार मांडला, त्याच्यापासून तिला मूल झाले, आणि अखेर ‘आम्ही माणसे आहोत’ असे सांगून ते मूल व तो पुरुष तिला सोडून गेले, अशी ही कथा आहे. रक्तपिपासूच्या विफल प्रेमाचा विषय पाश्चात्त्य वाङ्मयाने आपलाच मानला. अलीकडच्या पाव शतकात तर अशा प्रेमकथांची लाटच आली आणि ती मुंबईच्या पदपथांवरील पुस्तकांच्या राशींपर्यंत येऊन पोहोचली. परंतु या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न जातकट्ठकथेने फार पूर्वी विचारून ठेवला आहे, असे आमचे मत आहे. तो प्रश्न असा की, अमानुषाला माणसांत येण्याचा मार्ग कोणी ठेवला आहे काय, आणि नसल्यास त्याची किंमत कोण मोजतो?

प्रथम एका शब्दाविषयी लिहिणे भाग आहे. इंग्रजीतील ‘व्हँपायर’ या शब्दाला आपल्याकडे ‘वेताळ’ हा प्रतिशब्द चालतो, त्याला कारण रिचर्ड बर्टन. त्यांनी १८७० साली वेताळकथांचे रूपांतर ‘विक्रम अँड द व्हँपायर’ या नावाने छापले. पण सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी मराठीत आणलेल्या ‘वेताळ पंचविशी’तील वेताळ कोणाचे रक्त पीत नाही. तो प्रेतात शिरून राजाला कोडी घालतो, आणि त्याची भूक बुद्धीची आहे. माणसाच्या देहावर जगणारी, रूप पालटणारी, विशिष्ट हद्दीने बांधलेली आणि तरीही माणसाच्या सहवासाने विरघळणारी व्यक्तिरेखा शोधावयाची तर ती पालि वाङ्मयातील यक्खिनी होय. मराठीत आपण तिला यक्षिणी म्हणतो. मात्र या शब्दाबरोबर कालिदासाच्या अलकानगरीतील विरहिणी डोळ्यांपुढे येते, ती येथे दूर ठेवली पाहिजे.

आता कथा. वाराणसीच्या राजाची पट्टराणी परपुरुषाशी संबंध ठेवते. राजाने जाब विचारला असता ती शपथ घेते की, मी अपराध केला असेल तर घोड्याच्या तोंडाची यक्षिणी होईन. मरणोत्तर तसेच घडते. एका विस्तीर्ण अरण्यात, पर्वताच्या पायथ्याच्या गुहेत ती राहू लागते. तीन वर्षे वेस्सवणाची, म्हणजे कुबेराची, चाकरी केल्यावर तिला तीस योजने लांब व पाच योजने रुंद एवढ्या मुलखात माणसे खाण्याची मुभा मिळते. एके दिवशी एक धनाढ्य व देखणा ब्राह्मण मोठ्या परिवारासह त्या वाटेने येतो. ती हसत धावते, बरोबरची माणसे पळतात, ब्राह्मणाला ती पाठीवर घेऊन गुहेकडे निघते. पुरुषस्पर्शाने तिच्या मनात आसक्ती उत्पन्न होते आणि ती त्याला न खाता पती करून घेते. दोघे सलोख्याने राहतात. ज्या माणसांना ती मारते त्यांच्याजवळचे तांदूळ, तेल, वस्त्रे आणून ती नवऱ्याला सुग्रास जेवू घालते आणि स्वतः मात्र नरमांस खाते. बाहेर जाताना तो पळून जाईल या भीतीने गुहेच्या तोंडाशी प्रचंड शिळा लावते. पुढे तिच्या पोटी बोधिसत्त्व जन्माला येतो, तेव्हा ती दोघांनाही त्याच शिळेआड ठेवते.

मुलगा मोठा होतो. एक दिवस तो शिळा सरकवून बापाला उजेडात आणतो. आईने विचारल्यावर सांगतो की, आई, आम्हांला अंधारात बसवत नाही. पुत्रस्नेहामुळे ती काही बोलत नाही. नंतर तो बापाला विचारतो की, आईचे तोंड तुमच्या तोंडासारखे का नाही? बाप सांगतो की, तुझी आई मनुष्यमांस खाणारी यक्षिणी आहे, आपण दोघे माणसे आहोत. मग आपण येथे कशाला राहावयाचे, असे म्हणून मुलगा पहिल्यांदा पळ काढतो, पण ती वाऱ्याच्या वेगाने त्यांना गाठते. ब्राह्मण तिला सांगतो की, रागावू नकोस, तुझ्या मुलानेच मला नेले. दुसऱ्या वेळी मुलगा अधिक सावध होतो. आईजवळ बसून, आईचे ते लेकराचे, तेव्हा आपल्या भूमीची हद्द मला सांग, असे तो विचारतो. ती विश्वासाने पर्वत-नद्यांच्या खुणा दाखवून सारी हद्द सांगते. दोन-तीन दिवसांनी तो बापाला खांद्यावर घेऊन हद्दीच्या नदीत उतरतो. ती काठावर येऊन थबकते, कारण पुढे तिचा अंमल नाही. माझे काय चुकले, तुम्हांला येथे काय कमी आहे, अशी ती विनवणी करते. ब्राह्मण नदी ओलांडून जातो. मुलगा प्रवाहातूनच उत्तर देतो की, आम्ही माणसे आहोत, तू यक्षिणी, आम्हांला सदैव तुझ्याजवळ राहता येणार नाही.

यापुढचा प्रसंग हा या जातकाचा गाभा होय. परत येणार नाही हे कळल्यावर ती म्हणते की, माणसांच्या जगात जगणे कठीण असते, ज्याला काही विद्या येत नाही त्याचा तेथे निर्वाह होत नाही. मला चिंतामणी नावाची विद्या अवगत आहे. तिच्या बळावर बारा वर्षांपूर्वी गेलेल्याच्याही पावलांचा माग काढता येतो. ती घे, तिच्यावर तुझे पोट भरेल. पाण्यात उभा असलेला मुलगा कासवाच्या पाठीसारखी ओंजळ करून ती विद्या स्वीकारतो आणि आईला वंदन करतो. तुमच्यावाचून मी जगणार नाही, असे म्हणून ती ऊर बडवते. तिचे हृदय फुटते आणि ती काठावरच कोसळून मरते. मुलगा बापाला हाक मारून बोलावतो, चिता रचतो, अग्नी विझवून तेथे नाना रंगांची फुले वाहतो, विलाप करतो आणि वाराणसीची वाट धरतो.

बारा वर्षांपूर्वीचे पाऊल शोधू शकणारी ही स्त्री स्वतःचे एक पाऊल हद्दीपलीकडे टाकू शकत नाही. कथाकाराने यावर एका शब्दाचेही भाष्य केलेले नाही, आणि ते केले नाही हे बरे झाले.

ही हद्द कोठून आली याकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. ती तिच्या स्वभावातून आलेली नाही. तीन वर्षांच्या सेवेचा मोबदला म्हणून एका सत्ताधीशाने तिला ती नेमून दिलेली आहे. उपजीविका, तिचा प्रदेश आणि त्या प्रदेशाबाहेर न जाण्याचे बंधन या तिन्ही गोष्टी एकाच सनदेत बांधलेल्या आहेत. महाराष्ट्रातील वाचकाला अशी सनद परिचयाची आहे. तिला आपण वतन म्हणतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनविषयक कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे हेच निदान होते की, महार वतन हे मिळकतीचे रूप घेतलेले बंधन असून त्याने माणूस गावाला आणि हीन मानलेल्या कामाला जखडला जातो. साम्य एवढ्यापुरतेच आहे. वतनदार महार कोणाचा जीव घेत नव्हता, उलट त्याच्याच जिवावर गाव जगत होते, तेव्हा रूपक याहून ताणणे अन्यायाचे होईल. पण ‘दुष्ट यक्षिणी’ असे म्हणून पान उलटणाऱ्या वाचकाने ती सनद कोणी दिली हे एकदा पाहावे.

आता तिच्या संसाराकडे वळू. भावुक वाचनाचा धोका येथेच आहे. यक्षिणीचे प्रेम खरे आहे याबद्दल कथेत संशयाला जागा नाही. अट्ठकथेने तिच्या आसक्तीला ‘किलेस’ म्हटले आहे, तरी पुढे तिच्या पुत्रस्नेहाचा उल्लेख वारंवार आणि आदराने केला आहे. परंतु या प्रेमाने वाटसरूंच्या जगण्यात काय फरक पडला? काहीच नाही. उलट पूर्वी ती फक्त माणसे मारीत असे, आता मेलेल्यांचे तांदूळही घरी येऊ लागले. परळमधील एका विहारात रविवारच्या पालि वर्गात हा भाग वाचला जात असता गिरणी कामगाराच्या घरातील एका विद्यार्थिनीने विचारले होते, “सर, भात कुठून येतो हे त्याला ठाऊक नव्हतं का?” ठाऊक होते. पुराव्यासाठी फार लांब जावयास नको. मुलाने प्रश्न विचारताच बाप एका वाक्यात सांगतो की, तुझी आई माणसे खाते. म्हणजे इतकी वर्षे प्रत्येक घास त्याने जाणून गिळला होता. त्याच्यापुढे पर्याय नव्हता, शिळेआडच्या कैद्याला अन्न निवडता येत नाही, हे खरेच. तथापि ‘आपण दोघे माणसे’ हे वाक्य तो ज्या सहजपणे उच्चारतो तो सहजपणा खटकतो. नरमांस खाणारी ती अमानुष, आणि त्याच हत्येचा भात खाणारा मात्र निःशंक मनुष्य! त्यात पहिल्या पलायनानंतर पकडला जाताच तो सारा दोष मुलावर टाकतो. कथेतील सर्वांत लहान मनाचे पात्र कोणते, असे विचारल्यास आमचे बोट या देखण्या ब्राह्मणाकडेच वळेल.

पाश्चात्त्य कथांतील हिशेब निराळा असतो. अँडरसनची मत्स्यकन्या (१८३७) माणसाचे पाय मिळावेत म्हणून आपली जीभ देते, पावलागणिक सुऱ्या टोचल्याच्या वेदना सोसते, आणि राजपुत्र दुसरीशी विवाह करतो तेव्हा त्याला मारून स्वतः वाचण्याची संधी नाकारते. तेथे किंमत देहातून वसूल होते, व्यवहार एकटीचा असतो. गिरीश कर्नाडांच्या ‘हयवदन’मध्येही घोड्याचे शिर असलेला पुरुष पूर्ण माणूस होण्यासाठी देवीपुढे जातो आणि पूर्ण घोडा होऊन परततो. चिं. त्र्यं. खानोलकरांनी मराठीत आणलेले आणि विजया मेहता यांनी मुंबईच्या रंगभूमीवर सादर केलेले हे नाटक पाहिलेल्या वाचकांना त्यातील उपहास आठवत असेल. हयवदनाला पूर्णत्व हवे आहे. आपल्या यक्षिणीने मात्र माणूस होण्याची इच्छा कधी बोलूनच दाखवलेली नाही. नवरा व मूल एवढेच तिला हवे होते, आणि त्यासाठी शिळा पुरेल असे तिला वाटले.

पालि परंपरेत हिची एक बहीण शोभावी अशी स्त्री आहे. ती सिंहलातील ‘महावंस’ ग्रंथाच्या सातव्या परिच्छेदातील कुवण्णा अथवा कुवेणी. विजयाच्या सोबत्यांना तिने प्रथम दिलेले तांदूळ व सामान हे तिने खाल्लेल्या व्यापाऱ्यांच्या गलबतांतले होते. तीच भातकथा येथेही आहे. ती स्वकीय यक्षांचा घात करून विजयाला राज्य मिळवून देते. पुढे त्याला राज्याभिषेकासाठी क्षत्रिय राजकन्या हवी असते, तेव्हा माणसे अमानुषांना भितात असे कारण देऊन तो तिला घालवून देतो. ती दोन मुलांसह आपल्या लोकांत परतते आणि तेथे एक यक्ष तिला ठार करतो. दोन्ही कथा शेजारी ठेवल्या म्हणजे दिसते की, ‘मनुष्य’ हा शब्द दोन्ही ठिकाणी नेमका निरोपाच्या क्षणी उच्चारला जातो. एकत्र राहण्याच्या वर्षांत तो कोणाला आठवत नाही.

येथे आंबेडकरी वाचकाचा जीव अडकतो, आणि तो अडकलाच पाहिजे. महाडला १९२७ साली चवदार तळ्यावर ओंजळ भरली गेली ती तहानेसाठी नव्हे, आम्हीही माणसेच आहोत हे सिद्ध करण्यासाठी होती. ज्या समाजाला शतकानुशतके माणसांच्या हद्दीबाहेर ठेवले गेले त्याच्या विहारात साक्षात बोधिसत्त्वाच्या तोंडून ‘आम्ही माणसे, तू यक्षिणी’ हे वाक्य वाचावयाचे कसे? काही अभ्यासक सांगतात की, यक्ष, नाग, राक्षस ही आर्येतर जनसमूहांची नावे होत, त्यांना अमानुष ठरवणे हा विजेत्यांचा कावा होता. या मताला आधार नाही असे नाही. आनंद कुमारस्वामींनी यक्षपूजेची प्राचीनता दाखविली, आणि दामोदर कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिॲलिटी’मध्ये (१९६२) दख्खनच्या वाटांवरील देवतांचा माग काढून लोकदैवतांचे व जनसमूहांचे नाते उलगडले. स्वतः बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूर येथे नागलोकांच्या वारशाचा गौरवाने उच्चार केला. पण या जातकाला ते एकच कुलूप-किल्लीचे उत्तर लावले तर ज्यांना तिने खाल्ले ते वाटसरू हिशेबातून गळतात. बदनाम केलेली निष्पाप वनकन्या एवढेच तिचे रूप केले की कथा सोपी होते, आणि सोपी झाली की ती आपल्याला काही विचारीत नाही.

यापेक्षा विनयपिटकातील एक प्रसंग अधिक उपयोगाचा वाटतो. उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला जे प्रश्न विचारतात त्यांत ‘तू मनुष्य आहेस ना?’ असा एक आहे. आपल्या विहारांतून श्रामणेर शिबिरे नेहमी होतात, उपसंपदा मात्र पुष्कळांनी पाहिलेली नसते, म्हणून हा प्रश्न ऐकून नवागत चकित होतो. त्यामागची कथा महावग्गात आहे. नागयोनीला विटलेला एक नाग लवकर मनुष्यत्व मिळावे म्हणून तरुणाचे रूप घेऊन भिक्षू होतो. झोपेत त्याचे मूळ रूप प्रकट होते आणि सोबतचा भिक्षू किंचाळतो. तथागत त्याला संघात राहू देत नाहीत, परंतु उपोसथ पाळ म्हणजे तू लवकर मनुष्यत्व पावशील असे सांगतात. तो रडत निघून जातो. नागांना पूर्वज मानणाऱ्या वाचकाला ही कथाही सुखाची नाही. मात्र येथे दार लावताना दुसरी वाट दाखविली गेली आहे. नदीकाठच्या यक्षिणीला कोणी वाट दाखविली? बोधिसत्त्व तर तिचाच मुलगा होता.

धम्मपदट्ठकथेतील काली यक्षिणीची कथा या संदर्भात मुद्दाम पाहावी. वैराने वैर शमत नाही या प्रसिद्ध गाथेची ती निदानकथा. जन्मोजन्मी एकमेकींची मुले खात आलेल्या दोघींतील एक या जन्मी यक्षिणी असते, दुसरी बाळंतीण. जेतवनात तथागत त्यांचे वैर शमवितात, आणि आपले मूल यक्षिणीच्या हाती दे, असे त्या मातेला सांगतात. यक्षिणी ते मूल कुरवाळते, परत देते आणि रडू लागते. कारण विचारता ती म्हणते की, पूर्वी वाटेल तसे जगूनही माझे पोट भरत नव्हते, आता मी जगू कशी? उपदेश तिला पटला आहे, तरी पोटाचा प्रश्न शिल्लकच आहे. आणि तथागत त्याला गौण मानीत नाहीत. हिला घरी ने आणि चांगली पेज जेवू घाल, असे ते त्या स्त्रीला सांगतात. मग तिला राहावयाला जागा शोधणे सुरू होते. घरात ठेवले तर कांडणाचे मुसळ डोक्यावर बसते, आणखी ठिकाणी आणखी उपद्रव. शेवटी गावाबाहेरची निवांत जागा ठरते, तेथे तिला अन्न पोचते, आणि ती पावसाचा अंदाज सांगून शेतकऱ्यांच्या उपयोगी पडू लागते. गावाबाहेरची जागा! मराठी वाचक येथे थांबल्यावाचून राहणार नाही. गोंगाट नको म्हणून ही जागा तिच्या सोयीने निवडली, असे अट्ठकथा सांगते. ते मान्य करूनही आमच्या कानांना त्या शब्दाचा घाव लागतोच, आणि तो लपविण्याचे कारण नाही. तरीसुद्धा या कथेत जे घडते ते पदकुसल जातकात घडत नाही. येथे कोणीतरी तिला काय खाशील असे विचारले. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पांचिकाशेजारी सन्मानाने बसलेली हारीतीही मूळची बालभक्षक. तिच्या लेकरांच्या अन्नाचा भार संघाने उचलल्यावरच तिचे भक्षण थांबले, आणि विहारांतून तिच्यासाठी रोज अन्न ठेवण्याची चाल चिनी यात्रेकरू इत्सिंग याने नोंदविली आहे.

आता नदीकाठी परत येऊ. तेथे निर्वाहाचा विचार करणारे एकच पात्र आहे, ती स्वतः. मुलगा स्वातंत्र्याचा विचार करतो, बाप जिवाचा. ‘माणसांत जगशील कसा?’ हा प्रश्न फक्त तिला सुचतो आणि त्याचे उत्तरही तीच देते. ज्या जगात तिला प्रवेश नाही त्या जगाची रीत ती त्यांच्यापेक्षा अधिक ओळखते. ओळखणारच, कारण एका जन्मी ती त्याच वाराणसीच्या राजवाड्यात होती आणि तेथूनच घसरली होती.

मध्य मुंबईतील, विशेषतः परळ, लालबाग, नायगाव भागातील आमच्या वाचकांना या प्रसंगाचा एक पडसाद ऐकू आल्याशिवाय राहणार नाही. येथील चाळी भरल्या त्या हद्द ओलांडून आलेल्या माणसांनी. कोकणातून, घाटावरून गिरणीत, गोदीत, रेल्वेत आलेल्या पहिल्या पिढीतील कितीतरी जणांच्या आया गावीच राहिल्या. स्वतः न शिकलेल्या त्या स्त्रियांनी मुलांना जे काही शिकता येईल ते शिकू दिले आणि माघारी बोलावले नाही. बाबासाहेब दीर्घकाळ परळच्या बी. आय. टी. चाळीत राहिले, आणि १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय याच शहरात निघाले. धर्मानंद कोसंबी यांनी कामगारवस्ती जवळची म्हणून परळमध्येच १९३७ साली बहुजन विहार उभारला. शिकून माणसांत मोजले जाण्याचा हा मार्ग होता. त्या मार्गावर गेलेल्यांपैकी काहींनी पुढे गावाकडचे तोंड, बोली, आडनाव यांची लाज बाळगली, हेही आपण पाहिले आहे. आईचे तोंड आपल्यासारखे का नाही, हा मुलाचा प्रश्न निरागस आहे. आपण माणसे, ती नव्हे, हे बापाचे उत्तर निरागस नाही, आणि मुलाने प्रवाहात उभे राहून तेच उत्तर आईला ऐकविले. विद्या मात्र तिचीच घेतली. त्याने ओंजळ पुढे केली, वंदन केले, चितेवर फुले वाहिली, हे सारे खरे. पण तू मांस सोडशील का, असा एक साधा प्रश्न त्याने तिला विचारला असता तर कथा काली यक्षिणीच्या वाटेने गेली असती का, हा विचार मनातून जात नाही.

जातकाचा उत्तरार्ध बहुतेक वाचक कौशल्यकथा म्हणून वाचतात, आणि त्यात रेंगाळण्याचे फारसे कारण नाही. माणव वाराणसीच्या राजाकडे रोज हजार नाणी वेतनावर राहतो. त्याची परीक्षा पाहण्यासाठी राजा व पुरोहित स्वतःच खजिन्यातील रत्ने चोरून तळ्यात लपवितात. तो माग काढून रत्ने देतो. राजा हट्टाने चोराचे नाव विचारतो. तो एकामागून एक दृष्टांत देऊन सुचवितो की, जेथे आश्रय घ्यावा तेथूनच भय उपजले आहे. राजा समजत नाही, शेवटी नाव उघड होते आणि लोक राजाला व पुरोहिताला ठार करून माणवाला गादीवर बसवितात. जमावाच्या या न्यायाचा आनंद मानावा असे आम्हांस वाटत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. मनुष्यलोकात पाऊल ठेवताच त्याला जो पहिला मोठा माणूस भेटतो तो प्रजेचा रक्षक असून चोर आहे. आश्रयातून भय हे सूत्र तो दृष्टांतांतून शिकलेला नाही. शिळेआडच्या गुहेत, प्रेमाने वाढलेल्या भाताच्या थाळीशी बसून तो ते शिकला होता. आणि चोर उघडा पडतो तो त्या यक्षिणीच्या विद्येमुळे. म्हणजे माणसांच्या राज्यातील खोटेपणा दाखविणारा दिवा अमानुष म्हणून काठावर सोडलेल्या बाईने दिलेला आहे.

दुर्गा भागवत यांच्या ‘सिद्धार्थ जातक’ या सात खंडांच्या भाषांतरामुळे मराठी वाचकाला जातके अट्ठकथेच्या चौकटीसह उपलब्ध झाली. त्या चौकटीतील शेवटचा भाग म्हणजे समोधान, ज्यात पूर्वजन्मीची पात्रे आजची कोण हे सांगितले जाते. या जातकाचे समोधान अगदी आखूड आहे. तेव्हाचा पिता म्हणजे कस्सप आणि पदकुसल माणव म्हणजे मीच, एवढेच तथागत सांगतात. यक्षिणी कोण झाली, हे सांगितलेले नाही. समोधानात गौण पात्रे नेहमीच गाळली जातात, असा बचाव करता येईल. पण ही गौण नव्हे. कथेचा पूर्वार्ध तिचा आहे, उत्तरार्ध तिच्या विद्येचा आहे. मुलावर दोष ढकलणाऱ्या बापाला महाकस्सपाच्या थोर नावाशी जोडणाऱ्या अट्ठकथाकारांना आईसाठी एकही नाव सुचले नाही. पुढे ती कोणत्या योनीत गेली, तिला मनुष्यत्व मिळाले की नाही, ती कधी तथागतांसमोर येऊन बसली की नाही, यांपैकी कशाचाही माग काढण्याची विद्या अट्ठकथेजवळ नाही.

शिल्पकारांनी मात्र तिला गाळले नाही. सांचीच्या दुसऱ्या स्तूपाच्या वेदिकेवर आणि बोधगयेच्या वेदिकेवर घोड्याच्या तोंडाची स्त्री पुरुषासह कोरलेली आहे, आणि दोन्ही ठिकाणी ती चक्राकार पदकाच्या मध्यभागी आहे. भाजे लेण्यातील विहाराच्या ओसरीत, इंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिल्पपटाच्या खालच्या भागातही एक अश्वमुखी स्त्री आहे. ती याच कथेतील आहे असा निर्णय करता येत नाही. दादरहून सहलीला जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांचे लक्ष तेथे हत्तीकडे आणि रथाकडे जाते. ती खाली, एका बाजूला आहे. तिला पाहण्यासाठी थोडे वाकावे लागते.